पाणी गप्प असताना

हिंगणी,
२ मार्च १९५९

चि. नत्थू,

"पाणी वरडलं तं भेऊ नोको. पाणी चूप राह्यलं तं भे."

बाबांनी मला हे सांगितलं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि तू जन्मायचा होतास. अंगणात गाडीचं चाक आडवं ठेवलेलं, त्यावर नुकतीच चढवलेली लाल लोखंडी धाव, आणि लोटा घेऊन उभी मी. धाव आवळून बसावी म्हणून तिच्यावर पाणी घालायचं काम आपल्या घरात बायांचंच. पहिलं पाणी ओतलं तर काहीच झालं नाही. आवाज नाही, वाफही नाही म्हणावी इतकी थोडी. पाण्याचे मणी झाले आणि लोखंडावरून पळत खाली पडले. मला वाटलं, धाव थंडच आहे, म्हणून मी बोट पुढे केलं. बाबांनी मनगट धरलं आणि वरचं वाक्य म्हटलं. तिसऱ्या लोट्याला लोखंड असं चरचरून ओरडलं की मी किंचाळले. बाबा हसले. "आता नाई भ्याचं," म्हणाले.

हे आज लिहायचं कारण, तुझं पत्र माझ्या हाती आलं. मला नव्हतं लिहिलेलं, ठाऊक आहे. आमचे हेडमास्तर पुंडलिकराव यांना तू जन्मतारखेचा दाखला मागितलास. ते म्हणाले, "कुंताबाई, तुमच्या भावाचंच दिसतं. रजिस्टर काढा." सहा वर्षांत तू जिवंत आहेस की नाहीस हेही आम्हाला माहीत नव्हतं, आणि समजलं ते शाळेच्या टपालातून. दाखल्यावर तुझी तारीख मीच लिहिली आहे. अक्षर ओळखलं असशील तर दाखला फाडू नकोस, त्याची तुला गरज आहे.

तू त्यांना लिहिलं आहेस की जमशेदपूरला कारखान्यात लाल तापलेल्या पोलादी प्लेटांवर पाण्याची धार सोडण्याचं तुझं काम आहे. ते वाक्य वाचल्यापासून माझं वर्गात लक्ष लागत नाही. किती लांब उभा राहतोस? डोळ्यांवर काही बांधायला देतात का? धार पडल्यावर प्लेट गप्प असते तेव्हा पुढे वाकून पाहत नाहीस ना? तिथे कोणी आहे का असं मनगट धरणारं?

इतक्या कामांतून तू हेच काम का घेतलंस?

बाबा ठीक आहेत. उत्तर पाठव. चार शब्द पुरेत.

तुझी ताई

*

हिंगणी,
२१ मार्च १९५९

चि. नत्थू,

तुझं कार्ड पोचलं. मायना नाही, खाली नाव नाही, तरी मी ते दिवसातून चार वेळा वाचते. "इथे एका प्लेटला धारेखाली तडा गेला. सगळे धारेला दोष देत होते. साहेबांनी तुटलेली कड दाखवली. प्लेट थंड करण्याआधीच, भट्टीत जळली होती. आपल्या धावेचा सांधा बाबांनी आदल्या दिवशी जोडला तेव्हा ठिणग्यांची फुलं उडाली होती का? भात्यावर तू होतीस."

डोळे जपतोस का, हे मात्र तू लिहिलं नाहीस.

परवा पोळ्या करताना तव्यावर पाणी शिंपडलं. तवा फार तापला होता. थेंब फुटेनात, नुसते गोल फिरत राहिले. मला तू आठवलास. संत्र्याच्या बगीच्यात फवारणी करायचा तो जुना पंप तू धावेवर पाणी मारायला आणलास आणि मला याच तव्यावर समजावलंस की पाणी आपल्याच वाफेवर तरंगतं, लोखंडाला शिवतच नाही. म्हणून लोट्यानं ओतलेलं अर्धं पाणी वाया जातं. जोरानं सरळ धार मारली तर ती वाफ फाडून आत शिरते. जिथे शिरते तिथे काळा ठिपका पडतो, आणि मग तो ठिपका पसरत जातो. पंचवीस वर्षांचा होतास, पण बोलत होतास आठ वर्षांच्या मुलासारखा. माझी पोळी जळाली होती.

तव्याखालची आच कमी केली तेव्हा थेंब पडल्या पडल्या चर्र करून नाहीसे झाले. मी चूल विझवून बसले थोडा वेळ.

इकडची बातमी म्हणजे तानाबाई. नाल्यापलीकडची, वांगी-टमाटे घेऊन वर्ध्याच्या बाजारात जाते ती. आता ती मंडळी बौद्ध झाली आहेत. घरावर निळा झेंडा आहे, आणि तिची जीभ होती तशीच आहे. तिच्या गाडीच्या दोन्ही धावा उन्हानं सैल झाल्यात. ती आली आणि बाबांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मिस्त्री, माह्ये चाकं करून देता का सेलूले नेऊ?"

बाबा म्हणाले, "सेलूचा मिस्त्री तुह्या चाकाले हात लावीन का?"

"लावते, पण नाक वर करून लावते. मंग धाव वाकडी बसते."

बाबा खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. "ठेव चाकं," म्हणाले. मी तिच्या मागून खुणा करत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. त्या खुणा त्यांना दिसणार कशा?

मागच्या पत्रात ठीक आहेत लिहिलं, ते तब्येतीपुरतं. डावा डोळा धाव तुटली त्या दिवशी गेला, तो तू पाहिलाच. उजवाही तीन वर्षांपूर्वी गेला. आता ते खुरपी, विळे ठोकून धार लावून देतात तेवढंच, तेही हातानं चाचपून. धाव सहा वर्षांत चढवलेली नाही. आणि आता म्हणतात, "कानानं करतो. पाणी सांगते सगळं." सत्तावीस एप्रिल ठरवला आहे, त्याआधी तानाबाईला बाजार सोडता येत नाही. सैल धाव कापायची, आखूड करायची, पुन्हा सांधा जोडायचा, पुन्हा लाल करायची. आंधळ्या माणसानं. मला झोप कशी लागेल सांग.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर इतक्या वर्षांनी ते कसं आठवणार? भात्यावर माणूस भात्याकडे पाहतो.

तुझी ताई

*

हिंगणी,
६ एप्रिल १९५९

नत्थू,

मागच्या पत्राचा शेवट खोटा होता. पाकीट टाकून परत येताना पेटीत हात घालून ते काढता येईल का असं पाहिलंसुद्धा. पोस्टमन हसला.

सगळं पहिल्यापासून लिहिते. तुला माहीत असलेलंही लिहिते, म्हणजे मधलं काही गाळण्याची मला सोय राहणार नाही.

बाबांची नजर त्रेपन्न सालाच्या आधीच मंद झाली होती. जाळ लाल की पांढरा हे त्यांना कळे, बारीक ठिणगी दिसत नसे. हे फक्त मला माहीत होतं. गावात कळलं असतं तर चाकं सेलूला गेली असती. म्हणून आमच्यात एक रीत पडली. सांधा जोडायला पट्टीची दोन्ही टोकं पांढरी करायची, मी भाता ओढायची, आणि ऐरणीवर घेण्याआधी ते हळूच विचारायचे, "फुलं उडाली का वं?" टोकांवरून ठिणग्यांची फुलं उडाली तर लोखंड जळलं. ते कापून टाकायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. मी "नाई" म्हटलं की हातोडा पडायचा. दहा-बारा वर्षं ते माझ्या डोळ्यांनी काम करत होते. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेल्या बाईला आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटणं किती लागतं, ते मी तुला सांगू शकत नाही. शाळेची नोकरी नंतर लागली. आधी मी बाबांची नजर होते.

त्या दिवशी तू अंगणात पंप जोडून पाहत होतास. धार कुठवर जाते म्हणून लिंबावर मारलीस, तिथून कावळे उठले, त्यातला एक भिजलेला कावळा आपल्या छपराच्या कवेलूंवर बसून तुझ्याकडे रागानं पाहू लागला. तू त्याला हात जोडलेस. मी हसत होते. भाता माझ्या हातानं चालू होता, आणि मान तुझ्याकडे होती.

"फुलं उडाली का वं?"

"नाई," मी म्हटलं. मी पाहिलंच नव्हतं.

इथवरची चूक कुणाचीही होते. पुढची माझी आहे. संध्याकाळी लुगडं बदलताना पदराला राईएवढी पाच भोकं दिसली, कडा काळ्या पडलेल्या. सकाळी ती नव्हती. म्हणजे फुलं उडाली होती. मला तेव्हाच कळलं, नत्थू. बाबा ओट्यावर बसले होते, तू पंपाच्या चामड्याला तेल लावत होतास. मी तिथे उभी राहून म्हणायला हवं होतं की सांधा पुन्हा करा. सकाळी गाडीवाला येणार, गोवऱ्या रचून झालेल्या, तू गावाला बोलावणं करून आलेला. आणि म्हटलं असतं तर बाबांनी पुढच्या वेळी मला विचारलं नसतं.

मी सुई घेतली आणि भोकं रफू केली.

दुसऱ्या दिवसाचं तुला पाठ असेल. तरी माझ्या बाजूनं ऐक. मी पंपाचा दांडा हाणत होते, तू नळी धरली होतीस. चौघी बाया लोटे घेऊन नुसत्या पाहत, थट्टा करत. धार पडली आणि लोखंड गप्प राहिलं. कुणी तरी म्हणालं, "थंडीच झाली वाट्टे." तू म्हणालास, "थांबा, आता ठिपका येईन." आणि खरंच आला, धारेखाली, रुपयाएवढा काळा, आणि असा आवाज झाला की बाया मागे सरल्या. तू म्हटलं होतंस तसाच तो पसरत गेला. तुझं सगळं बरोबर होतं. बाबा वाकले. लोकांना वाटलं ते सांधा बसला का ते पाहतायत. त्यांना दिसतच नव्हतं. ते ऐकायला वाकले होते. काळी कड सांध्यापर्यंत पोचली, धाव तिथेच तुटली, आणि उसळलेलं टोक वाफेसकट त्यांच्या तोंडावर आलं.

"तुह्या पिचकारीनं माहा डोळा खाल्ला. निंग घरातून." हे ते म्हणाले तेव्हा मी त्यांच्या तोंडावर ओलं फडकं धरून बसले होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली. तुला वाटलं असेल, ताईही तेच म्हणते आहे.

माय गेल्यावर तुला मी वाढवलं. तुला ताप आला की तू हाक मारायच्या आधी मी उठायचे. सहा वर्षं तू आपल्या हातानं बापाचा डोळा घालवल्याचं ओझं घेऊन हिंडलास, आणि ते उतरवायला मला एक वाक्य पुरलं असतं. तुझा पत्ता नव्हता, असं मी मनाला सांगत आले. बाबांचा पत्ता तर होता.

तर तुझ्या कार्डाचं उत्तर असं : होय. उडाली होती.

कुंता

*

हिंगणी,
१७ एप्रिल १९५९

नत्थू,

उत्तर आलं नाही. येणार नाही असं धरून चालले आहे. तरी टपालाच्या वेळी ओट्यावर येते. पोस्टमन आता लांबूनच हात हलवतो.

मी बाबांना सांगितलं.

मंगळवारी, दुपारी. ते भात्याशेजारी बसून तानाबाईच्या धावेची कड बोटानं मोजत होते. मी भोकांपासून सुरुवात केली, कारण फुलांपासून जमेना. ते मधे एकदाही बोलले नाहीत. बोलले असते, ओरडले असते, तर बरं वाटलं असतं. मला त्या लाल धावेजवळ उभं असल्यासारखं झालं होतं.

मग म्हणाले, "थे तुटलेली धाव काढ खाली."

तुला माहीत नसेल. ती त्यांनी मोडीत दिली नाही. भात्यामागच्या खुंटीला लटकवून ठेवली आहे. मी काढून दिली. त्यांनी तुटलेलं टोक बरोबर शोधलं, पाहिल्यासारखं.

"बोट फिरव."

मी फिरवलं.

"कसं लागते?"

"खरखरीत. जाड्या रव्यासारखं."

"जळलेलं लोखंड तसंच लागते. हे मले आठव्या दिवशी समजलं. पट्टी डोळ्यावर होती तवाच."

मी विचारलं, "मग तुम्ही मला बोलला का नाही?"

"तू नाई म्हटलं होतं. बोट होय म्हनत होतं. म्या तुह्यं धरलं." धाव खाली ठेवून म्हणाले, "जळलेला सांधा म्हटलं असतं तं लोकायनं पुसलं असतं, चिंधू मिस्त्रीले फुलं दिसली नाईत का? पिचकारीचं नाव घेतलं तं कोनी काई पुसलं नाई."

नत्थू, हे वाचून तू काय करशील मला ठाऊक नाही. आम्ही दोघांनी, एकाच घरात, एकमेकांना न सांगता, तुझ्यावर ढकललं. आणि सहा वर्षं एकमेकांना भाकरी वाढली.

मी रडू लागले तर म्हणाले, "चूप. चाकं तं कराच लागतीन." डोळे पुसून मी म्हटलं, "रंग मी सांगते. या वेळी मान वळवणार नाही."

"तू नोको."

एवढंच. रागानं नाही. घमेलं बाजूला ठेव म्हणावं तसं. तेव्हापासून ते मला पाण्याचा गडू कुठे आहे हेही विचारत नाहीत. हात पसरून स्वतः शोधतात. मी गडू हळूच त्यांच्या हाताकडे सरकवते, आणि त्यांना ते कळतं, आणि ते हात दुसरीकडे नेतात.

काल तानाबाई आली. बाबांनी तिलाच विचारलं, "तू सांगशीन का फुलं उडाली तं?"

ती म्हणाली, "मिस्त्री, मले जाळात सगळं सारखंच दिसते. वांग्यात कीड असन तं सांगतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काऊन वं बाई, तुहे डोळे कुठं गेले?" मी आत गेले.

संध्याकाळी बाबांनी पंप मागितला. माळ्यावर होता, नळीला चिरा पडल्या होत्या. त्यांनी दांडा वरखाली करून पाहिला. म्हणाले, लोट्यांनी चार बाजूंनी पाणी पडलं की आवाज चार बाजूंनी येतो, आंधळ्याला काही उमगत नाही. एकच धार असली तर ठिपका कुठून सुरू झाला आणि कुठवर गेला ते कानाला कळतं. आणि मग, नळीशीच बोलल्यासारखं : "पिचकारी खराब नव्हती त्याची."

मी म्हटलं, "हे मी नत्थूला लिहू?"

"नाई. त्यानं काऊन यावं? कोन्या तोंडानं बोलावतं?"

तोंड नाहीच. तरी लिहिते आहे. नवी नळी आणली आहे, वर्ध्याहून. तू धरायचास तिथेच कापड गुंडाळलं आहे.

सत्तावीस तारखेला ते सांधा जोडणार, आणि दुसऱ्या दिवशी धाव चढवणार. कुणी असो नसो. मी विनवलं, तानाबाईला चाकं परत न्यायला सांगितलं. ती तयार झाली, तेच झाले नाहीत. फुलं पाहणारं कुणी नसेल तर ते अंदाजानं हातोडा मारतील, आणि पाणी गप्प होईल तेव्हा पुन्हा वाकतील. त्यांच्या चेहऱ्यावर आता वाचवण्यासारखं काही उरलं नाही असं ते थट्टेनं म्हणतात. मला ती थट्टा ऐकवत नाही.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते तुझ्याजवळ असेल तेव्हा असेल. तुझी रजा नसेल, भाडं नसेल, मन नसेल, तिन्ही मला मान्य आहेत. माझं तोंड पाहायचं नसेल तर तेही. नालवाडीला शोभाबाई नावाची माझ्याबरोबरची शिक्षिका राहते. पंचवीसपासून मी तिच्याकडे जाईन आणि तू निघून गेल्याशिवाय परत येणार नाही. गोवऱ्या रचून ठेवीन. चटणी शिंक्यावर असेल. बाबांना मी कुठे गेले हे सांगायची गरज पडणार नाही.

तू नाही म्हणशील. मी तुझ्या जागी असते तर मीही आले नसते. तरी विचारते : त्या दोन दिवसांसाठी ये, भात्याजवळ उभा राहा, आणि बाबा "फुलं उडाली का" म्हणून विचारतील तेव्हा जे दिसेल ते त्यांना सांग.

कुंता